आधी श्रोता, मग भाषण : बुऱ्हाणपूरची शिकवण

काही वर्षांपूर्वी माझे धाकटे काका वारले. तेराव्यानंतरच्या रविवारी शोकसभा ठेवली होती. घरातला 'बोलणारा' म्हणून भाषणाचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी रात्र जागून भाषण लिहिले. पुण्याच्या व्याख्यानमालेत शोभावी अशी मराठी, मधे दोन संस्कृत वचने, शेवटी भरून आलेला गळा, सारे यथासांग पार पडले. लोकांनी डोळे पुसले. काकांचे ऋण थोडेफार फेडले, असे मलाही वाटले.

सभा उठली तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी आले. पॉवरलूमच्या धंद्यातले काकांचे भागीदार. चाळीस वर्षे दोघांनी एका पत्र्याखाली माग चालवले होते. मी त्यांना चाचाच म्हणत असे. माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, "बेटा, सब रो रहे थे, तो मैं भी रोया. मगर तूने कहा क्या?"

मला उत्तर देता आले नाही. काकांना माझ्यापेक्षाही अधिक ओळखणारा माणूस समोर बसला होता, आणि माझ्या वीस मिनिटांच्या भाषणात त्याला कळेल असे एक वाक्य नव्हते. कारण लिहिताना तो माझ्या डोळ्यांसमोर आलाच नव्हता.

वाचकहो, आपण सीमेवरची माणसे. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्हींची भेळ, हे आपल्याला नवे नाही. पण बोलायला उभे राहिलो की आपण हे सगळे विसरतो आणि कुठल्या तरी दूरच्या, एकभाषी सभेपुढे असल्यासारखे बोलू लागतो. चाचांच्या प्रश्नाने मला आमच्याच गावाचा इतिहास पुन्हा उघडायला लावले. तिथे जे सापडले ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मशिदीतला संस्कृत लेख

बुऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांनी सुमारे सहाशे वर्षांपूर्वी तापीकाठी वसवलेले शहर. त्याला नाव मिळाले ते सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे, आणि त्यांची कबर आहे आपल्या खुलताबादेत. म्हणजे नावापासूनच या गावाचा एक पाय दक्षिणेत आहे. उत्तरेतून दख्खनेत उतरणारी वाट असीरगडाच्या पायथ्याने इथे येई. त्यामुळे माळव्याचे, गुजरातचे, खानदेशचे आणि वऱ्हाडचे लोक या बाजारात एकमेकांना भेटत आले.

गावाच्या मध्यभागी जामा मशीद आहे. राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने ती बांधली. तिच्या आत अरबी लेख आहे, यात नवल नाही. नवल हे की त्याच्या जोडीला नागरी अक्षरांत एक संस्कृत लेखही आहे. आरंभी जगाच्या निर्मात्याला वंदन आहे. तो अव्यक्त आहे, सर्वव्यापी आहे, गुणांच्या पलीकडचा आहे, अशा शब्दांत. मुसलमानाच्या श्रद्धेला त्यात कुठे धक्का नाही आणि वेदान्त ऐकलेल्या हिंदूला त्यात काही परके नाही. पुढे फारुकी राजांची वंशावळ येते आणि मग मशिदीचा काळ.

हा काळ कसा सांगितला आहे ते पाहण्यासारखे आहे. विक्रम संवत १६४६ दिला आहे आणि शके १५११ ही दिला आहे. विरोधी संवत्सर, पौष मास, शुक्ल पक्ष, तिथी, वार, नक्षत्र असे सगळे पंचांग मांडले आहे. इंग्रजी हिशेबाने तो दिवस सोमवार, ५ जानेवारी १५९० असा येतो. अरबी लेखात अर्थातच हिजरी सन आहे. आता तापीच्या काठावर उभे राहून विचार करा. विक्रम संवत हा गुजरात-माळव्याच्या व्यापाऱ्याचा, शक हा दख्खनच्या माणसाचा, हिजरी हा नमाजाला येणाऱ्याचा. एका इमारतीने तीन तऱ्हेच्या लोकांना त्यांच्या त्यांच्या मोजमापात आपला जन्मदिवस सांगितला.

आणखी एक गोष्ट. संस्कृत मजकूर हा अरबीचे भाषांतर नाही. प्रत्येकाला तेच वाक्य दुसऱ्यांदा ऐकवण्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या रीतीने सांगितले आहे. दोन भाषांच्या सभेत आपण नेमके उलटे करतो. आधी मराठीत पाच मिनिटे, मग 'जो मैंने अभी कहा' म्हणून तेच हिंदीत पाच मिनिटे. पहिल्या वेळी अर्धी सभा चुळबुळते, दुसऱ्या वेळी उरलेली अर्धी.

याच मशिदीवर एक फारसी लेखही आहे, अकबराचा. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकींचे राज्य बुडाले, आणि त्या विजयाची नोंद मीर मुहम्मद मासूम याने इथे कोरवली. लेखाची भाषा एकच, दरबाराची. जिंकणाऱ्याला श्रोत्याची फिकीर करावी लागत नाही. आपण बहुतेक जण मात्र जिंकायला नव्हे, समजावायला उभे राहतो. आपल्या कामाचा तो राजा अली खानाचा लेख.

कठड्यात उभा राहिलेला वकील

पंचवीस वर्षांनी याच गावात एक छोटे भाषण झाले. त्याची हकीकत बोलणाऱ्यानेच रोजनिशीत लिहून ठेवली आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीराच्या भेटीला अजमेरला निघाला होता. वाटेत नोव्हेंबर १६१५ मध्ये तो बुऱ्हाणपुरात थांबला. इथे जहांगीराचा मुलगा शाहजादा परवेझ दख्खनचा कारभार पाहत होता.

दरबारात शिरताना रोला सांगण्यात आले की डोके जमिनीला टेकवून मुजरा करावा लागेल. त्याने नकार दिला. मी नोकर नाही, वकील आहे, हे त्याचे म्हणणे. शाहजाद्याच्या आसनाखाली तीन पायऱ्या चढून जाण्याजोगी कठडा घातलेली जागा होती, तिथे जाऊन त्याने आपल्या रीतीने अभिवादन केले. शाहजाद्यानेही मान लववली. मग रो थोडक्यात बोलला. मी इंग्लंडच्या राजाचा वकील आहे, तुमच्या वडिलांकडे निघालो आहे, वाटेत तुमचे गाव लागले, तेव्हा तुम्हाला न भेटता पुढे जाणे शोभले नसते. एवढेच. पुढे त्याने मागणी केली ती इंग्रजांना या शहरात वखार घालू देण्याची. शाहजाद्याने ती मान्य करून फर्मान काढायला सांगितले. रोला आसनाजवळ वर जाऊ दिले नाही, खुर्चीही मिळाली नाही. खांबाला टेकून उभे राहण्याची मुभा तेवढी मिळाली, आणि खांब चांदीने मढवलेला होता!

इंग्रजांच्या वखारींचे पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे, आणि या माणसाचे कौतुक करण्याची मला हौस नाही. पण बोलणारा म्हणून त्याच्याकडे पाहिले तर शिकण्यासारखे आहे. त्याला दरबाराची भाषा येत नव्हती, सगळा भरवसा दुभाष्यावर. अशा वेळी अलंकार गळून पडतात आणि उरतो तो सांगाडा : मी कोण, इथे का आलो, तुमच्याकडे काय मागतो. हा सांगाडा भक्कम असेल तर भाषण दुसऱ्या भाषेत गेले तरी मोडत नाही. माझ्या शोकसभेच्या भाषणात नेमका तोच नव्हता.

या भेटीची शेवटची गंमतही सांगून टाकतो. शाहजाद्याने नंतर रोला खासगीत भेटायचे कबूल केले होते. पण रोने दिलेल्या नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शाहजाद्याने ती उघडली, त्याला चढली, आणि भेट राहिली ती राहिलीच. थोडक्यात बोलून जे मिळवले होते, त्यात जादा भेटवस्तूने विघ्न आणले. सभेत 'जाता जाता आणखी एक सांगतो' म्हणणाऱ्या प्रत्येक वक्त्याने ही पेटी आठवावी.

बेळगावची वाक्ये मुंबईच्या न्यायालयात

आता बुऱ्हाणपूर थोडे बाजूला ठेवून आपल्यासारख्याच दुसऱ्या दुभाषी गावी जाऊ. १९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली आणि १ मे रोजी तिथे मराठीत भाषण केले. पुढे ३१ मे आणि १ जून रोजी अहमदनगरला आणखी दोन. समोर वकील होते तसे शेतकरीही होते. राज्यघटनेचा रुक्ष विषय त्यांच्यापर्यंत न्यायचा कसा? टिळकांनी कीर्तनातून आणि देवघरातून परिचित असलेली कल्पना घेतली. वेदान्तात जसे निर्गुण आणि सगुण, तसे सरकारही दोन प्रकारचे, एक न दिसणारे आणि एक दिसणारे. न दिसणाऱ्या सरकारशी आमचा तंटा नाही. दिसणारे, म्हणजे रोजचा कारभार चालवणारे अधिकारी, बदलता आले पाहिजेत.

सरकारच्या लघुलेखकांनी भाषणे टिपली, त्यांचा इंग्रजी तर्जुमा झाला आणि त्यात राजद्रोह दिसला. २३ जुलै १९१६ रोजी टिळकांची साठी साजरी होत होती, त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण होत होती, आणि त्याच दिवशी नोटीस हाती पडली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. खटला मुंबई उच्च न्यायालयात गेला. टिळकांचे वकील होते बॅरिस्टर जिना. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शाह यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हुकूम रद्द केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की सुटी वाक्ये उचलून पाहू नयेत. भाषण आरंभापासून अखेरपर्यंत शांतपणे वाचावे आणि एकंदर परिणाम काय होतो ते पाहावे.

इथे लक्षात घ्या, ही मराठी भाषणे तर्जुम्यातून परक्या कानांपर्यंत गेली आणि तरी टिकली. टिकली ती एखाद्या चमकदार वाक्यामुळे नव्हे. सबंध भाषणात एकच भेद सांभाळला होता आणि प्रत्येक उदाहरण त्याच भेदाकडे येत होते. आज आपल्या भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कुणीही मोबाइलवर टिपतो आणि दुसऱ्याच गटात फिरवतो. तिथे न्यायमूर्ती बॅचलर भेटतीलच असे नाही. म्हणून कणा आधी ठरवायचा आणि त्याला न जुळणारे वाक्य कितीही सुंदर असले तरी काढून टाकायचे.

कुणी म्हणेल, श्रोता ओळखायचा म्हणजे बोलणे सोपे, उथळ करायचे काय? मुळीच नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष म्हणून मराठीत बोलले. समोरच्या हजारोंपैकी बहुतेकांना शाळेचे दार बंद होते. त्यांच्यापुढे बाबासाहेबांनी १७८९ सालची फ्रान्समधली राष्ट्रीय सभा उभी केली आणि ही परिषदही त्याच तोडीची आहे असे सांगितले. ज्याला जगाने पायरीखाली बसवले त्याला इतिहासाच्या पहिल्या रांगेत बसवणे, हीसुद्धा श्रोत्याची ओळखच. श्रोत्याला कमी लेखून केलेले सोपेपण त्याला लगेच कळते.

कागद आणि पेन्सिल

काकांच्या वर्षश्राद्धाला पुन्हा छोटी सभा ठरली आणि पुन्हा मलाच बोलायचे होते. या वेळी मी कशी तयारी केली ते सांगतो. एखाद्या घरी उपयोग झाला तर बरेच.

पहिल्या संध्याकाळी मी भाषणाचा एक शब्दही लिहिला नाही. कागदावर येणाऱ्यांची यादी केली. रावेरच्या आत्या, इंदूरच्या भाच्या (त्यांना मराठी समजते, पण बोलायला लाजतात), मागावरचे कामगार, काकांच्या भजनातले सोबती, शेजारचे गुजराती कुटुंब आणि चाचा. प्रत्येकाच्या नावापुढे लिहिले, 'याला काकांविषयी काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही?' लिहिता लिहिता ध्यानात आले की कुणालाच संपूर्ण काका ठाऊक नव्हते. आत्यांना मागावरचे काका माहीत नव्हते, चाचांना भजनातले.

तिथेच भाषणाचा कणा सापडला. मी एका वाक्यात लिहिला : काका प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलत, म्हणून ते प्रत्येकाला आपलेच वाटत. हे वाक्य हिंदीत म्हणून पाहिले, तरी तसेच उभे राहिले. रोच्या दुभाष्याची परीक्षा म्हणा हवी तर.

रचनेसाठी लांब जावे लागले नाही. आपल्या नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो. आधी विषय मांडायचा, मग एका आख्यानातून तो दाखवायचा. मी पूर्वरंग दीड मिनिटांचा ठेवला. उत्तररंगात तीन प्रसंग, प्रत्येकी दीड मिनिट, आणि शेवट एका मिनिटाचा. मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द धरले तर सात मिनिटांना सात-आठशे शब्द पुरतात. पहिल्या भाषणाचे दोन हजारांवर झाले होते!

भाषेचा प्रश्न मशिदीतल्या लेखाने सोडवला. भाषांतर करायचे नाही, वाटणी करायची. लहानपणचा तापीच्या पुराचा प्रसंग मराठीत, कारण तो आत्यांचा होता. मागाचा प्रसंग हिंदीत, आमच्या बुऱ्हाणपुरी हिंदीत, कारण तो चाचांचा आणि कामगारांचा होता. भजनाचा प्रसंग पुन्हा मराठीत. एका भाषेतून दुसरीत जाताना एकेक जोडवाक्य असे घातले की मागच्या प्रसंगाचे सार त्यात यावे आणि कुणी वाटेत सुटू नये. संस्कृत वचने दोन्ही काढली. ती माझ्यासाठी होती, काकांसाठी नव्हती.

मग मोठ्याने वाचन. डोळ्यांना गोड वाटणारी कितीतरी वाक्ये जिभेवर अडखळली, ती तोडून दोन केली. जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने रेघ ओढली. पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ केले, मधल्याचे फक्त मुद्दे एका कार्डावर घेतले. सबंध कागद वाचला तर मान वर होत नाही, आणि सबंध पाठ केला तर एक शब्द विसरताच पुढचे सगळे निसटते. शेवटी घरातल्या पोराला ऐकवले आणि काय आठवते ते विचारले. त्याला जे आठवले नाही ते काढले.

हे सारे लिहिताना एक गोष्ट मनात येत राहिली. १९५६ पर्यंत बुऱ्हाणपूर ज्या जुन्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या कायद्याने राजभाषा दोन होत्या, हिंदी आणि मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड नव्या मध्य प्रदेशात आला, राजधानी भोपाळ झाली. १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. सीमा कागदावर सरकल्या, पण सभेत बसणारी माणसे तीच राहिली. आपल्या मुलांची मराठी टिकावी असे आपल्याला वाटते, मलाही वाटते. पण ती शेजाऱ्याला बाहेर ठेवणारी भिंत झाली तर मुले तिच्या पलीकडेच उडी मारतील. दोन्ही भाषांत श्रोता जपणारी मराठी त्यांना आपली वाटेल, असा माझा अनुभव आहे. वर्षश्राद्धानंतर इंदूरच्या एका भाचीने पुराची गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली, आणि प्रश्न मराठीत विचारले.

आणि चाचा? ते या वेळीही तिसऱ्याच रांगेत होते. सभा संपल्यावर काठी टेकत आले. मी वाट पाहत होतो की ते शाबासकी देतील. ते म्हणाले, "बेटा, चौथा लूम सत्तर में नहीं, इकहत्तर में लिया था. लड़ाई चल रही थी, रात को बत्ती बुझाकर बैठते थे हम दोनों."

मी खिशातून कार्ड काढले आणि साल दुरुस्त करून घेतले.